थेरपिस्टचा सुपरवायझर होताना: नाशिकमधून सारखे विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं हेच प्रश्न फिरून फिरून येतायत. कधी व्हॉट्सअ‍ॅपवर रात्री साडेदहाला, कधी कॉलेज रोडला चहाच्या टपरीवर, कधी वर्कशॉप संपल्यावर चपला घालता घालता. म्हणून एकदाचे लिहून काढले. मी सायकोथेरपी करते, ज्युनियर लोकांना सुपरव्हिजन देते आणि स्वतःही घेते. उदाहरणं खरी आहेत पण दोनतीन केसेस एकत्र करून, गाव-वय-धंदा सगळं बदलून लिहिलीयेत, त्यामुळे कोणी ओळखायच्या भानगडीत पडू नका.

सुपरव्हिजन म्हणजे नक्की काय? केस डिस्कशनच ना?

मी सुपरवायझर झाले असं मावशीला सांगितलं तेव्हा तिने विचारलं, सातपूरला का अंबडला, आणि नाईट शिफ्ट असते का. आपल्याकडे या शब्दाला एमआयडीसीचा वास आहे त्याला कोण काय करणार. आणि खरं सांगू का, बरेच थेरपिस्टसुद्धा मनातून तसंच समजतात, म्हणजे हा माणूस माझ्या चुका पकडायला बसलाय.

तर केस डिस्कशन म्हणजे कॉरिडॉरमध्ये "अगं ती पॅनिकवाली आहे ना, तिला काय करू" असं विचारणं. ते पण हवंच. पण सुपरव्हिजन म्हणजे ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, त्याच माणसाबरोबर महिनोन्महिने बसून तुमचं काम उलगडून बघणं. ब्रिगिड प्रॉक्टर या ब्रिटिश बाईंनी १९८० च्या दशकात याची तीन कामं सांगितली, ती अजून चालतात: शिकवणं, कामाचा दर्जा आणि नैतिकता सांभाळणं, आणि थेरपिस्टला परत उभं करणं. तिसरं आपल्याकडे सगळ्यात जास्त राहून जातं. पद्धत काही नवी नाही, १९२० साली बर्लिनमध्ये मॅक्स आयटिंगॉन वगैरेंनी मनोविश्लेषणाचं क्लिनिक काढलं तिथे शिकाऊ लोकांनी आपलं काम सीनियरसमोर मांडणं हा ट्रेनिंगचाच भाग होऊन बसला.

माझ्यापुरतं सांगायचं तर, खोलीत आम्ही दोघीच असतो पण काम चाललेलं असतं तिसऱ्या माणसासाठी, ज्याला मी कधी बघितलेलं नाही आणि बहुतेक कधी बघणार पण नाही. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचे अर्धे प्रश्न आपोआप सुटतात.

किती वर्षं प्रॅक्टिस झाली की सुपरवायझर होता येतं?

आकडा सांगा म्हणून सगळे मागे लागतात. आकडा नाहीये. पाच वर्षांत तयार झालेले बघितलेत आणि वीस वर्षं होऊनही "मी असतो तर असं केलं असतं" याच्यापुढे न गेलेले पण बघितलेत. चांगला थेरपिस्ट चांगला सुपरवायझर असेलच असं नाही. ज्याला सगळं हाताला आपोआप येतं त्याला ते कसं येतं हे सांगता येत नाही, आजीला पुरणपोळीचं प्रमाण विचारलं तर ती "अंदाजाने घाल" म्हणते ना, तसं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टोल्टेनबर्गचं मॉडेल वाचा, १९८१ साली त्याने ते पहिल्यांदा मांडलं आणि नंतर डेलवर्थबरोबर वाढवलं. थेरपिस्ट साधारण तीन पायऱ्यांनी वाढतो असं ते म्हणतात. पहिल्या पायरीवर सगळं लक्ष स्वतःवर असतं, मी बरोबर बोलले ना, आता काय विचारू. दुसऱ्या पायरीवर क्लायंटमध्ये इतका बुडतो की एक आठवडा आकाशात आणि पुढचा आठवडा "मी हे काम सोडते". तिसऱ्यावर जरा स्थिर होतो. तर निदान तिसऱ्या पायरीवर पाय टेकल्याशिवाय दुसऱ्याला हात देऊ नये असं माझं मत आहे, कारण दुसऱ्या पायरीवरचे दोघं एकमेकांना धरून छान बुडतात.

लायसन्स लागतं का? आरसीआय नंबर नसेल तर?

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचं तर आरसीआयची, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची, नोंदणी लागते, तो कायदा १९९२ चा. काउन्सेलर, सायकिऍट्रिक सोशल वर्कर वगैरेंसाठी २०२१ चा अलाईड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा कायदा आलाय. पण काउन्सेलिंग-थेरपीत "सुपरवायझर" नावाचं वेगळं सरकारी लायसन्स आपल्याकडे नाही. बाहेर चित्र वेगळं आहे, कॅलिफोर्नियात मॅरेज अँड फॅमिली थेरपिस्ट व्हायचं तर सुपरव्हिजनखाली ३००० तास काम दाखवावं लागतं, ब्रिटनमध्ये बीएसीपी या काउन्सेलर-थेरपिस्टांच्या संघटनेच्या अ‍ॅक्रेडिटेड सभासदाला महिन्याला किमान दीड तास सुपरव्हिजन घ्यावंच लागतं, मग तो कितीही सीनियर असो.

आपल्याकडे सक्ती नाही म्हणजे मोकळं रान आहे असं काही जण समजतात. आठवड्याचा ऑनलाइन कोर्स, सर्टिफिकेट, की लगेच बायोमध्ये "सुपरवायझर". ज्याच्याकडे जाताय त्याला सरळ विचारा, तुम्ही स्वतः कोणाकडे जाता. उत्तर आलं नाही तर तिथूनच रिक्षा पकडा.

मी स्वतः सुपरव्हिजन घेत नाही, पण देऊ शकते का?

नाही.

नाशिकमध्ये राहून हे शिकायचं कसं? सगळं मुंबई-पुण्यालाच आहे.

हे रडगाणं मी पण खूप गायलंय. आरोग्य विद्यापीठ आपल्या म्हसरूळला, मुक्त विद्यापीठ गंगापूरला, पण राज्याची मोठी मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरीला. मी दोन वर्षं महिन्यातून एकदा पंचवटी एक्स्प्रेसने जायचे, सकाळी कसाऱ्याच्या घाटात केस पुन्हा वाचायची आणि येताना त्याच घाटात खिडकीतून बघत बसायचं. आता ऑनलाइन आहे तर ती दगदग नाही (पण तो घाटातला वेळ मात्र गेला, आणि मला वाटतं निम्मं शिक्षण तिथेच व्हायचं).

सुरुवातीला तीन गोष्टी करा असं मी सांगते. एक, स्वतःचा सुपरवायझर पक्का करा. दोन, बरोबरीच्या तीन-चार थेरपिस्टचा पीअर ग्रुप करा, महिन्यातून एक रविवार सकाळ, मिसळ नंतर, आधी केस. उलटं केलं की केस होत नाही हे अनुभवाने सांगते. तीन, एकाच ज्युनियरबरोबर सुरू करा आणि त्या कामाबद्दल तुमच्या सुपरवायझरशी बोला, म्हणजे सुपरव्हिजनचं सुपरव्हिजन. ऐकायला विनोदी वाटतं पण हाच सगळ्यात उपयोगी भाग आहे.

पहिल्या मीटिंगमध्ये काय बोलायचं?

केस नको. आधी बोलणी. किती वेळ, किती फी, कॅन्सल केलं तर काय, रेकॉर्डिंग असेल का, क्लायंटला सुपरव्हिजनबद्दल सांगितलंय का. हे शेवटचं फार महत्त्वाचं. मेंटल हेल्थकेअर अ‍ॅक्ट २०१७ च्या २३ व्या कलमात गोपनीयतेचा हक्क आहे, उपचारासाठी दुसऱ्या प्रोफेशनलला माहिती देणं, कोणाच्या जिवाला धोका असणं असे अपवाद त्यातच दिलेत. तरी मी ज्युनियरला सांगते की क्लायंटच्या पहिल्या संमतीपत्रातच साध्या मराठीत एक ओळ टाका: "तुमच्यासोबतचं काम चांगलं व्हावं म्हणून मी एका अनुभवी थेरपिस्टचा सल्ला घेते, तेव्हा तुमचं नाव सांगितलं जात नाही." आजवर माझ्या माहितीत कोणी हरकत घेतलेली नाही, उलट एक काका म्हणाले होते बरं झालं, दोन डॉक्टर मिळाले.

आणि ज्युनियरचं मूल्यमापन कोण करणार, कोणाला कळवणार, हे पण पहिल्याच दिवशी. नंतर सांगितलं तर तो विश्वासघात वाटतो.

माझी ज्युनियर प्रत्येक गोष्टीला "हो मॅडम" म्हणते. काय करू?

हा खरा प्रश्न. आपल्याकडे सुपरव्हिजनचं निम्मं दुखणं "हो मॅडम"मध्ये आहे. शाळेपासून आपण शिकलोय की मोठ्यांसमोर आपली चूक दाखवायची नसते, आणि इथे तर कामच आपली चूक दाखवायचं आहे. निकोलस लाडनी आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये अमेरिकेत शिकाऊ थेरपिस्टना विचारलं की सुपरवायझरपासून काय लपवता, तर जवळजवळ प्रत्येकानेच काहीतरी लपवल्याचं कबूल केलं. ते लोक सुपरवायझरला पहिल्या नावाने हाक मारतात बरं का. मग आपल्याकडे मॅडम आणि सर, त्यात गुरुपौर्णिमेला बुके, त्यात ती माझ्याच कॉलेजची विद्यार्थिनी, तर विचार करा किती लपत असेल.

नावाने हाक मारायला लावून हे सुटत नाही, मी करून बघितलंय. एका मुलीला म्हटलं मला मॅडम नको म्हणू, तर तिने मला काहीच म्हणायचं बंद केलं, सहा महिने "ते तुम्ही म्हणाला होतात ना" असं चाललं होतं. शेवटी ताईवर तडजोड झाली.

जे चाललं ते असं. मी दर महिन्याला माझीच एक फसलेली सेशन मांडते, ताजी, दहा वर्षांपूर्वीची नाही. दहा वर्षांपूर्वीची चूक सांगणं म्हणजे बढाईच असते एक प्रकारची. दुसरं, "काही अडचण?" असं विचारत नाही कारण उत्तर ठरलेलं असतं. त्याऐवजी विचारते, "या आठवड्यात कुठल्या क्लायंटने अपॉइंटमेंट कॅन्सल केल्यावर तुला बरं वाटलं?" हा प्रश्न विचारल्यावर जी शांतता पडते ना, तिथून पुढे खरं काम सुरू होतं. तिसरं, रेकॉर्डिंग. संमती घेऊन दहा मिनिटांचा तुकडा आणायचा आणि थांबवत थांबवत ऐकायचा. नॉर्मन केगनची ही जुनी पद्धत आहे, रिमोट ज्युनियरच्या हातात द्यायचा, थांबवायचं कुठे ते तिने ठरवायचं. आणि थांबवल्यावर "इथे काय चुकलं" असं नाही, "इथे तुझ्या मनात काय चालू होतं जे तू बोलली नाहीस" असं विचारायचं.

केस मराठीत मांडावी का इंग्रजीत?

क्लायंट ज्या भाषेत बोलला त्या भाषेत. यावर मी जरा हट्टी आहे.

आपण सगळे इंग्रजीतून शिकलो त्यामुळे नोट्स इंग्रजीत जातात आणि तिथेच माणूस हरवतो. क्लायंट म्हणते जिवाची घालमेल होते, दुसरी म्हणते धाकधूक, तिसरा म्हणतो डोक्यात भणभण, चौथी म्हणते घरात घुसमट होते, आणि फाईलमध्ये चारही जणांना "अँग्झायटी". घालमेल ही दोन बाजूंनी ओढल्यासारखी असते, धाकधूक पुढे काय होईल याची असते, घुसमटीत कोणीतरी दाबणारं असतं. शब्दातच अर्धी फॉर्म्युलेशन, म्हणजे त्रास कशामुळे आहे याची मांडणी, आहे आणि आपण ती पुसून टाकतो!

आता याहून गंभीर. एक शहरात वाढलेला, हुशार मुलगा माझ्याकडे सुपरव्हिजनला यायचा. त्याने केस मांडली, द्राक्षाची बाग असलेल्या घरातला तिशीतला पुरुष, अवकाळीने माल गेला, सोसायटीचं कर्ज, झोप नाही. जाता जाता म्हणाला, "मागच्या वर्षी त्याने औषध घेतलं होतं, पण आता बंद आहे." मी म्हटलं थांब, त्याचे शब्द सांग, जसेच्या तसे. तर क्लायंटचे शब्द होते "मागच्या साली मी औषध घेतलं होतं." दिंडोरी, निफाड, सिन्नर, कुठल्याही शेतकरी घरात विचारा याचा अर्थ काय होतो. औषध म्हणजे फवारणीचं. त्या माणसाने मागच्या वर्षी जीव द्यायचा प्रयत्न केला होता आणि आमच्या पोराने लिहिलं होतं की पूर्वी औषधोपचार चालू होते.

त्याची चूक म्हणून मी हे सांगत नाहीये, मी पण सिडकोत वाढलेय, मला पण हे कोणीतरी शिकवलं. पण तेव्हापासून नियम केला की निदान पाच वाक्यं क्लायंटच्या शब्दात, त्याच्या बोलीत, लिहून आणायची. आणि ग्रामीण घर असेल तर एक प्रश्न विचारायचाच: फवारणीची औषधं कुठे ठेवता, किल्ली कोणाकडे असते. घरातल्या दुसऱ्या माणसाकडे किल्ली देणं, डबे कुलपात नाहीतर घरापासून लांब ठेवणं, एवढ्याशा गोष्टीने जीव वाचतात, कारण तो टोकाचा क्षण बऱ्याचदा थोड्या वेळात ओसरतो आणि तेवढा वेळ हाताशी काही नसलं पाहिजे.

रात्री ज्युनियरचा फोन आला की क्लायंट जीव देईन म्हणतोय, तर?

हे रात्री ठरवायचं नसतं, आधी ठरवून कागदावर लिहिलेलं असतं. आमच्याकडे एक पान आहे, भिंतीवर आणि सगळ्यांच्या फोनमध्ये: क्लायंटच्या घरचा संपर्क, जवळचा सायकिऍट्रिस्ट, त्र्यंबक रोडचं जिल्हा रुग्णालय, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ (ऑक्टोबर २०२२ पासून आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं). इमर्जन्सीत १०८ किंवा ११२.

फोनवर मी तेव्हा शिकवत नाही. सरळ सांगते हे कर, मग ते कर, दहा मिनिटांनी मला फोन कर. जॅनिन बर्नार्ड १९७९ पासून सांगतायत की सुपरवायझरला टीचर, काउन्सेलर, कन्सल्टंट या टोप्या बदलता आल्या पाहिजेत, तर रात्री साडेअकराला टीचरची पण नाही, सरळ वाहतूक पोलिसाची टोपी घालायची. "तुला काय वाटतं, तुझ्या मनात काय येतंय" हे दुसऱ्या दिवशी. आणि दुसऱ्या दिवशी ते नक्की करायचं, विसरायचं नाही, कारण क्लायंट सुखरूप असला तरी ज्युनियर रात्रभर झोपलेली नसते.

घरच्यांना पोलिसांची भीती असते. २०१७ च्या कायद्याचं ११५ वं कलम सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरायचं. हे ज्युनियरला तोंडपाठ पाहिजे. तसंच पॉक्सो: १८ वर्षांखालच्या मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती कळली तर कळवणं कायद्याने बंधनकारक आहे, "सुपरवायझरला विचारून सांगते" म्हणून दोन आठवडे काढता येत नाहीत. शाळेत काम करणाऱ्यांनी हे पहिल्याच दिवशी बोलून घ्या.

नाशिक म्हणजे सगळे एकमेकांच्या ओळखीचे. केस ऐकता ऐकता क्लायंट कोण ते कळलं तर?

कळतंच. मुंबईच्या पुस्तकी गोष्टी इथे चालत नाहीत. केस ऐकताना "कॅनडा कॉर्नरला दुकान, मोठी मुलगी जर्मनीला" इथपर्यंत आलं की मला नाव येतं डोक्यात. मी तिथेच थांबवते आणि सांगते, मला बहुतेक ओळख पटली, या केससाठी दुसऱ्या कोणाशी बोल. अवघडल्यासारखं होतं पण न सांगता ऐकत बसणं हे चोरून ऐकण्यासारखं आहे. ग्रुपमध्ये तर नियमच आहे, धंदा, आडनाव, गाव सगळं गाळून सांगायचं. आमच्या ग्रुपने नाशिकबाहेरचे दोन थेरपिस्ट खास अशाच केसेससाठी ठरवून ठेवलेत, त्यांच्याशी ऑनलाइन बोलतो.

आणि ज्युनियरच माझी नातेवाईक, शेजारीण, नाहीतर पूर्वीची क्लायंट असेल तर? नातेवाईक नको. पूर्वीची क्लायंट तर अजिबात नको, तिने कितीही आग्रह केला तरी.

सुपरव्हिजनमध्ये ज्युनियर रडायला लागली. मग मी थेरपी करायची का?

नाही, पण पाणी द्यायचं. थांबायचं. आणि बघायचं की रडू नक्की कोणाचं आहे. गंमत अशी की क्लायंटच्या खोलीत जे चालू असतं ते बऱ्याचदा आपल्या खोलीत येऊन बसतं. हॅरॉल्ड सर्ल्सने १९५५ मध्ये हे लिहिलं, आता त्याला पॅरलल प्रोसेस म्हणतात. माझ्याकडे एक ज्युनियर एका क्लायंटबद्दल बोलताना दर वेळी इतकं भरभर बोलायची की मला मधे शब्द टाकता येत नव्हता आणि मी वैतागून शेवटी गप्प बसायचे. तिसऱ्या वेळी म्हटलं, तुझ्या सेशनमध्ये असंच होतं का? ती हसलीच. क्लायंट तिला बोलूच देत नव्हती, आणि ती दर आठवड्याला तेच माझ्यावर करत होती, नकळत.

पण रडू तिच्याच आयुष्यातलं असेल, समजा क्लायंटचे वडील गेले आणि हिचेही मागच्याच वर्षी गेलेत, तर मी तिथपर्यंत जाते जिथपर्यंत ते क्लायंटच्या कामात येतंय. त्यापुढचं तिच्या स्वतःच्या थेरपिस्टकडे. हे प्रेमाने सांगता येतं पण सांगावं लागतं. सुपरवायझरला ज्युनियरची थेरपिस्ट व्हायचा मोह फार होतो, आपल्याला तेच काम येतं ना!

काल बरोबरीने डबा खात होतो, आज मी टीम लीड. कसं जमवायचं?

डबा खा. फक्त डब्यावर पगार आणि केस दोन्ही नको.

हे जरा खोलात सांगते. कामाचं सुपरव्हिजन वेगळं आणि रजा-पगार-अप्रेझल बघणारा साहेब वेगळा, जमेल तिथे ही दोन माणसं वेगळी ठेवा. माझ्या पहिल्या नोकरीत दोन्ही एकच व्यक्ती होती. मी सुपरव्हिजनमध्ये मोकळेपणाने बोलले की एका क्लायंटची मला भीती वाटते, आणि मार्चमध्ये अप्रेझलच्या कागदावर तेच वाक्य आलं, "आत्मविश्वासाचा अभाव." त्यानंतर मी तिथे दोन वर्षं काढली आणि एकही खरी गोष्ट बोलले नाही. सगळं छान चाललंय मॅडम. कोणाचं नुकसान झालं? माझं थोडं, क्लायंटचं जास्त.

छोट्या सेंटरमध्ये माणसंच कमी असतात, वेगळं ठेवणं परवडत नाही हे मान्य. मग निदान मोठ्याने सांगा: मंगळवारी आपण केसबद्दल बोलतो त्यातलं काय अप्रेझलमध्ये येईल आणि काय येणार नाही. क्लायंटला धोका असेल ते येईल, तुझी भीती येणार नाही. आणि मग ते पाळा.

मॅनेजमेंट म्हणतं दिवसाला आठ क्लायंट घ्या. लीडर म्हणून मी काय करायचं?

इथे लीडरशिप सुरू होते, आधीचं सगळं सुपरव्हिजन होतं. "आमचे थेरपिस्ट थकतात" असं सांगून काही होत नाही, थकतात तर सगळेच. मी एकदा महिनाभर साधं रजिस्टर ठेवलं, कोणाची शेवटची दोन सेशन्स कशी गेली, नोट्स राहिल्या किती, क्लायंट परत आले का नाही. ते ट्रस्टींसमोर ठेवलं. थेरपिस्टच्या दिवसातल्या सातव्या-आठव्या सेशनचे क्लायंट जास्त गळत होते, हे आमच्याच रजिस्टरमध्ये होतं, कुठल्या पुस्तकात नाही. ट्रस्टी व्यापारी माणूस, त्यांना गळती लगेच कळली. सहावर आलो.

सुपरव्हिजनचा तास पगारी कामाच्या वेळेत बसवणं, इंटर्नला फुकट राबवायचं नाही हे लिहून घेणं, दहा किंवा जास्त माणसं असतील तर पॉश (कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या) कायद्याखालची समिती खरोखर नेमणं, एकट्या मुलीला संध्याकाळी सातनंतर रिकाम्या बिल्डिंगमध्ये सेशन घ्यायला न लावणं, हे सगळं लीडरचं काम. कंटाळवाणं आहे. यावर कोणी रील करत नाही.

फी किती घ्यावी?

घ्यावी. ठरवून, आधी सांगून. नव्यांसाठी ग्रुप ठेवा म्हणजे माणशी कमी पडते. फुकट दिलं की दोन्ही बाजूंनी तास ढकलले जातात, आणि "तुम्ही माझ्या मुलाचं करिअर गायडन्स करा मी तुम्हाला सुपरव्हिजन देते" असली अदलाबदल तर अजिबात करू नका.

ऑनलाइन चालतं का?

चालतं. हेडफोन लावा, दार लावा, आणि गाडी पार्क करून गाडीत बसून केस मांडू नका. काच खाली असते, मी ऐकलंय.

एखाद्याला हे काम जमतच नाहीये, ते कसं सांगायचं?

सगळ्यात नकोसं काम, आणि सगळ्यात जास्त टाळलेलं. आपण "बघू, सुधारेल" म्हणत वर्ष काढतो आणि तोपर्यंत त्याचे चाळीस क्लायंट झालेले असतात. मी आता तिसऱ्या महिन्यात लेखी देते, काय जमतंय, काय नाही, पुढच्या तीन महिन्यांत काय दिसलं पाहिजे. "एम्पथी कमी आहे" असं लिहिलं तर माणूस काय करणार? "क्लायंट रडायला लागला की तू विषय बदलतोस, या तीन रेकॉर्डिंगमध्ये, या या ठिकाणी" असं लिहिलं की त्याला धरायला काहीतरी मिळतं.

एकाला मी शेवटी सांगितलं की थेरपी तुझ्यासाठी नाही. त्याची आई दुसऱ्या दिवशी मला भेटायला आली, सोबत पेढे नव्हते हे सांगायला नको. तो आता ट्रेनिंग डिझाईन करतो, उत्तम करतो, मला अजून दिवाळीला मेसेज करत नाही.

सुपरवायझर झाले की क्लायंट बघणं बंद करायचं का?

मी नाही केलं. कमी केले. स्वतः खुर्चीत बसणं बंद झालं की दोन वर्षांत सल्ले फार सोपे वाटायला लागतात.

आणि सुपरवायझरच चुकला तर?

माझी चूक सांगते. एका ज्युनियरची केस होती, सासरी त्रास असलेली बाई, आणि मी ठामपणे म्हटलं की पुढच्या सेशनला नवऱ्याला बोलाव, जोडप्याचं काम कर. घरात मारहाण आहे का हे मी विचारलंच नाही, ज्युनियरने पण सांगितलं नाही कारण तिनेही विचारलं नव्हतं. नवरा आला, खोलीत गोड बोलला, आणि घरी गेल्यावर बाईला त्याची शिक्षा मिळाली. ती पुढच्या मंगळवारी आली तेव्हा बांगड्यांच्या वर ओढणी घट्ट गुंडाळलेली होती.

ज्युनियरने मला फोन केला तेव्हा ती स्वतःलाच दोष देत होती. मी म्हटलं, थांब, हा सल्ला माझा होता, चूक माझी आहे, आणि मी हे माझ्या सुपरवायझरपुढे पण मांडणार आहे. पलीकडे बराच वेळ काहीच आवाज नाही. मग ती म्हणाली, "ताई, खरं सांगू? मला तेव्हाच वाटलं होतं नवऱ्याला बोलवू नये. पण तुम्ही एवढ्या खात्रीने म्हणालात."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आम्ही बसलो. आधी त्या बाईच्या सुरक्षिततेचं, माहेरचं कोण आहे, फोन कोणाच्या ताब्यात असतो, कधी बोलता येतं, कागदपत्रं कुठे आहेत, एकेक करून. जोडप्याचं काम बंद, तिचं एकटीचं सुरू. आणि वहीच्या पहिल्या पानावर ज्युनियरने स्वतःच्या अक्षरात लिहिलं: ताई खात्रीने बोलल्या की एकदा उलटं विचारायचं. ते पान अजून आहे, आता तिच्याकडे तिची ज्युनियर येते.